गाडीखालचा मामा

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. मामाच्या म्हैसूरच्या घरी पोर्चमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गाडीचं काही उघडून परत बसवलं की एखादा नट, एखादा वॉशर उरतोच, आणि तो त्या डब्यात जातो. उरलेल्या नटांची मला भीती वाटते, पण तो विषय वेगळा. किश्शांचंही तसंच झालंय. दर रविवारी एक उरतो. डबा आता काठोकाठ भरलाय, म्हणून थोडा रिकामा करतो.

मंडळी मोजून पाच. यशवंतमामा, वय चौऱ्याहत्तर, रेल्वेतून रिटायर, गाडी त्याची. सरूमामी, देवघर तिचं. मंजुनाथ, शेजारचा, मूळचा पिरियापट्टणचा, पोटासाठी कॉम्प्युटरवर काम करतो आणि बाकीची सगळी विद्या व्हिडिओ बघून शिकतो. सलीमभाई, लष्कर मोहल्ल्यात ट्रॅक्टर-बुलडोझरचे तेलाचे पाइप बनवतात. आणि पाचवा मी, विनायक. मी ऑफिसात अपघात विम्याच्या फायली तपासतो. त्यामुळे कुठलीही वस्तू कशी तुटेल आणि कोणावर पडेल हे मला आधी दिसतं. नुसता खुर्चीत बसलो तरी माझा एक पाय हलत असतो.

माझी आई मामाची थोरली बहीण. ती हुबळीला माझ्या बहिणीकडे असते. रविवारी आणि सणावारी बरोबर अकरा वाजता तिचा फोन येतो. "कसा आहेस" वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "आला का वर?"

भावंडांत आता हे दोघंच उरलेत. आई मला एकदा म्हणाली, "गाडीखाली जाऊ नको म्हणून त्याला सांगण्यात अर्थ नाही, विनू. गेला की तो परत वर येईल एवढं बघ. ते काम तुझं."

तेव्हापासून मामाच्या पोर्चमध्ये मला बसवत नाही. मी उभा असतो, नाहीतर फेऱ्या मारत असतो.

*

ही गाडी मामाने पाँडिचेरीच्या एका डॉक्टरांकडून आणली. फ्रेंच आहे, लांबलचक, बेडकासारखे डोळे. तिला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी नारळाएवढा एक लोखंडी गोळा असतो, त्यात अर्ध्या भागात गॅस आणि अर्ध्या भागात तेल. इंजिन सुरू केलं की पंप त्या तेलावर दाब देतो आणि गाडी हळूच उठून उभी राहते. इंजिन बंद केलं की थोड्या वेळाने खाली बसते. गोळे जुने झाले होते, त्यामुळे आमची पाच मिनिटांतच बसायची.

पहिल्याच आठवड्यात मामा मामीला घेऊन सोसले गावच्या मठात गेला. मी मागे बसलो होतो. मठासमोर गाडी थांबवली, आम्ही उतरलो, चपला काढल्या, आणि मागे वळून बघतो तर गाडी सावकाश खाली वाकत जमिनीला टेकली.

दारात एक म्हातारे आचार्य उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहून हात जोडले. म्हणाले, "नोडी, बघा, गाडीसुद्धा नमस्कार करते."

मामी इतकी खूश झाली की परत येताना तिने डॅशबोर्डला हळदकुंकू लावलं. गाडी जुनी आहे, तेल गळतं, पार्ट मिळत नाहीत, असं मी नंतर कितीही सांगितलं तरी तिचं एकच. "विनू, ती भाविक आहे."

*

गोळे घरीच बदलायचे असं मामाने ठरवलं. गोळे पाँडिचेरीहून मागवले, ते यायला दोन महिने लागणार होते. तोवर खालून सगळं बघून ठेवावं म्हणून त्याने गाडी जॅकवर चढवली, जॅकशेजारी चार विटा रचल्या आणि सरळ खाली शिरायला निघाला.

मी म्हटलं, "मामा, विटांवर भरवसा नको."

"अरे, आपले पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. घोड्याच्या पोटाखाली शिरायची आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या सवय आहे."

"घोडा दीड टनाचा नसतो."

काही उपयोग झाला नाही. शेवटी मी त्यातलीच एक वीट उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिच्यावर हातोडी मारली. विटेचे तीन तुकडे झाले. मामाने तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हातोडीने मारल्यावर मोडणारच की."

दुसऱ्या दिवशी मी लोखंडी स्टँडची जोडी आणून पोर्चमध्ये ठेवली. जॅकने गाडी फक्त उचलायची, वजन स्टँडवर सोडायचं, हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा म्हटलं की मंजूने माझं नाव स्टँडप्पा ठेवलं. मग मला आणखी एक खोड लागली. स्टँड लावले तरी चैन पडेना, म्हणून स्टेपनी आणि एक जुनं चाक एकावर एक ठेवून मी गाडीच्या पोटाखाली सरकवू लागलो. स्टँड सुटला तर निदान चाकं आहेत.

मामा म्हणाला, "आणि चाकं सुटली तर? खाली उशी ठेव एक."

*

आता चपलांचा नियम. हा मामाचा स्वतःचा नियम, आणि आमच्या मंडळात एवढा एकच कायदा मला न विचारता झालेला आहे.

या गाडीत एक लिव्हर असतो. वर केला की गाडी उंच होते, खाली केला की बसते. एका रविवारी मामा खाली होता, गाडी स्टँडवर होती, आणि मंजू आत बसून मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवतात तसा लिव्हर खालीवर करून बघत होता. वजन स्टँडवर होतं म्हणून काही झालं नाही. पण मामा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. त्याने पायातल्या चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या.

"आजपासून चपला इथं. सीटवर चपला आहेत म्हणजे मी खाली आहे. कोणी बसायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. आणि चावी माझ्या खिशात."

नियम चांगला होता. फक्त मामाला तिथून चपला परत घ्यायची आठवण राहत नसे. एकदा तो तसाच अनवाणी मार्केटात गेला आणि वाटेत भेटलेल्या तिघांनी त्याला विचारलं, "काय, कुठला उपवास धरलाय का?" दुसऱ्या वेळी घरी आलेल्या एका नातलगाने सीटवरच्या चपला पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की मामाचं डोकं ठिकाणावर आहे ना.

मी म्हटलं, "चपला ठिकाणावर आहेत ना, मग डोकंही आहे."

मामीला मात्र हा नियम अजिबात मान्य नव्हता. "भाविक गाडी आहे," ती म्हणायची. "तिच्या मांडीवर चपला ठेवता?"

*

सलीमभाई पहिल्यांदा आले ते गळका पाइप बघायला. मामाने खाली वाकून, तेल नेमकं कुठून येतंय हे बघायला पाइपावरून बोट फिरवायला सुरुवात केली. सलीमभाईंनी त्याचा हात मनगटाला धरून मागे ओढला.

"हाथ नक्को लगाओ, साब."

मग त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. दाबाचं तेल बारीक भोकातून सुटलं की सुईसारखं कातडीत शिरतं, त्यांनी सांगितलं. आत शिरताना टोचल्यासारखंही वाटत नाही. संध्याकाळपर्यंत हात सुजला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोट कापलं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, पुठ्ठा भिजला की जागा कळते. आणि पाइप उघडायच्या आधी दाब सोडायचा. जोड परत लावताना आतला रबर नवा घालायचा, जुना कधीच नाही.

मामा मग आत जाऊन मैसूर पाकाचा रिकामा खोका घेऊन आला आणि त्याचे चौकोनी तुकडे कापत बसला. हात लावायचा नाही, हे त्याला पटलं होतं.

रबराचं पटलं नव्हतं. सलीमभाई गेल्यावर त्याने डब्यातून एक जुना रबर काढला, उजेडात धरून पाहिला, बोटांनी ताणला आणि म्हणाला, "हा अजून चांगला आहे."

मी त्या वेळी तो रबर त्याच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही. नेमक्या त्याच वेळी आईचा फोन आला, आणि मी "आला वर, आला वर" करत बाहेर गेलो.

*

या गाडीला हिरवंच तेल लागतं. दुसरं घातलं तर आतले सगळे रबर खलास. मामाने ते मोठ्या डब्यातून हाताशी असावं म्हणून तिळाच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं. ती बाटली पोर्चमधून स्वयंपाकघरात कशी गेली हे मला विचारू नका, आमच्याकडे वस्तू चालत असतात. स्वयंपाकघरातून ती देवघरात गेली. मामी पूजेच्या वेळी चष्मा काढते.

शुक्रवार होता. मी पोर्चमध्ये होतो. आतून आधी वास आला, गॅरेजचा. मग काळा धूर आला. मी धावत गेलो तर देवघरात समईची वात काजळी ओकत होती, देवांच्या तोंडावर काळे ठिपके पडत होते, आणि मामी खोकत खोकत आरती म्हणत होती.

"मामी, ते गाडीचं तेल आहे, थांब!"

तिने हाताने मला गप्प केलं. पाच कडवी होती. पाचही म्हणाली. घंटा वाजवली, प्रदक्षिणा केली, नमस्कार केला, आणि मग समई मालवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पूजा मधे मोडत नाहीत, विनू. घराला आग लागली तरी मोडत नाहीत. माझ्या सासूला मी दिलेला शब्द हा एकच."

मामा दारात उभा होता. त्याने समईकडे पाहिलं आणि बाटलीकडे पाहिलं.

"किती गेलं तेल?" त्याने विचारलं.

*

हा छोटा आहे. नवे गोळे आले, पण जुना एक निघेना. मामा खालून फिरवतोय, मंजू त्याच्या शेजारी झोपून फिरवतोय, सलीमभाईंनी पट्ट्याचा पाना लावून दिलाय, मंजूच्या छातीवर मोबाइल आणि त्यात एक फ्रेंच माणूस हसत हसत तोच गोळा दोन बोटांनी काढतोय. दोन तास गेले. मी पोर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन स्टँड तपासत होतो.

मामी कॉफी घेऊन आली. क्षणभर वाकून बघितलं.

"लोणच्याची बरणी उलटी धरली तर झाकण कुठल्या बाजूला फिरवता?"

गाडीखालचा पाना थांबला. मग मंजूचा आवाज आला, "अय्यो."

दोन तास आम्ही तो गोळा आवळत होतो.

*

आता शेवटचा.

चारही गोळे बसले, तेल भरलं, मागचा पाइप मामाने जोडला. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्या म्हैसुरात त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून, कुंकू लावून देवापुढे मांडतात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. सायकल, गाडी, जे चालतं त्याचीही पूजा होते.

सकाळी मी पोचलो तेव्हा मामी रेशमी साडीत उभी, हातात झेंडूची माळ. गाडी अर्थातच खाली बसलेली.

"बसलेल्या गाडीची पूजा करायची नाही," मामी म्हणाली. "उभी करा."

मामाने इंजिन सुरू केलं. गाडी उठली, चांगली ताठ उभी राहिली. इंजिन बंद केलं तरी राहिली. गेली दोन वर्षं आम्ही ज्यासाठी जीव टाकला ते समोर उभं होतं. मामाने दोनदा गाडीभोवती चक्कर मारली आणि तिसऱ्यांदा मारताना टपावरून हात फिरवला.

मी म्हटलं, "आता लिव्हर खाली कर, स्टँडवर बसू दे."

"पूजा होईपर्यंत उभी राहू दे," मामी म्हणाली. "मग काय करायचं ते करा."

मला चैन पडेना. दोन्ही स्टँड मी गाडीखाली नीट सरकवले. गाडी त्यांच्यावर टेकलेली नव्हती, मध्ये दोन बोटांची फट होती. पण खाली आली असती तर त्यांच्यावरच आली असती. शिवाय माझी ती दोन चाकं, एकावर एक. मग मामीने कोहळा आणायला मला कोपऱ्यावर पाठवलं. आम्ही पूजेनंतर गाडीपुढे कोहळा फोडतो. मी दोनदा फाटकातून परत आलो, स्टँड आहेत ना बघायला. होते. मग गेलो.

कोहळा घेऊन परत आलो तेव्हा मामाचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसले. अनवाणी.

मागच्या पाइपातून तेलाचा थेंब पडताना त्याला दिसला होता. नुसतं बघतो म्हणून तो पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन शिरला होता. चपला त्याने नियमाप्रमाणे सीटवर ठेवल्या होत्या. आता त्या पायरीवर होत्या, नीट एकीशेजारी एक; पूजेच्या गाडीत चपला नकोत म्हणून मामीने उचललेल्या.

मी वाकून बघितलं. स्टँड नव्हते.

"मामी," मी म्हटलं, "स्टँड कुठे?"

"आत. तेही आयुधच ना? हे खाली शिरायच्या आधीच काढले. सुटेच तर होते, सहज निघाले. चाकं मला हलली नाहीत, त्यांना तिथंच कुंकू लावलं."

"मामा, बाहेर ये," मी म्हटलं. तो "हो, एक मिनिट" म्हणाला. त्या क्षणी मागच्या पाइपाचा जोड सुटला. तोच, जुन्या रबराचा. फस्स करून आवाज आला, हिरवं तेल फरशीवर पसरलं आणि गाडी मागून खाली बसली. थप्प असा आवाज झाला. गाडी माझ्या दोन चाकांवर येऊन टेकली होती.

"मामा?"

मग खालून, अगदी हळू आवाजात, "आहे. वीतभर जागा आहे. पण निघता येत नाही रे."

आणि पुढची बाजू अजून वर होती. तीही सावकाश खाली येत होती.

जॅक. मी आत धावलो. देवघरासमोर पाट, पाटावर लाल कापड, आणि त्याच्यावर ओळीने मांडलेले पाने, हातोडी, पकडी, दोन्ही स्टँड, मधोमध जॅक. प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर फूल. समई पेटलेली. नैवेद्य अजून दाखवायचा होता. मी तिथे उभा राहिलो. मला आजही त्याची शरम वाटते, पण मी तिथे उभा राहिलो, आणि माझा हात पुढे जाईना.

मामी माझ्यामागून आली. मला खांद्याने बाजूला सारलं, वाकली, आणि दोन्ही हातांनी जॅक उचलला. फुलं पडली. पदर समईला लागून समई कलंडली, ती तिने पायाने विझवली. "तू स्टँड घे," ती म्हणाली, आणि रेशमी साडीत तो जॅक छातीशी धरून धावत बाहेर गेली.

पुढची बाजू आधी उचलली, स्टँड लावला. मग मागची. दांडा मामीच मारत होती, मला देईना. दुसरा स्टँड लावला, मी तो हलवून बघितला, परत हलवून बघितला, आणि मग मामाचे दोन्ही पाय धरून त्याला ओढून बाहेर काढलं. सगळा अंगभर हिरवा. खांद्यावर, चाकाचं लागलेलं, लालभडक कुंकू. मैसूर पाकाच्या खोक्याचा तुकडा अजून मुठीत होता.

मामा फरशीवरच बसून राहिला. मामी पदराने त्याचं तोंड पुसत होती आणि हिरवं तेल आणखी पसरत होतं.

माझा फोन वाजला. अकरा वाजले होते.

"आला का वर?" आईने विचारलं.

मामीने फोन माझ्या हातातून घेतला.

"आले वर, अक्का," ती म्हणाली. "पूजा मोडली मी."